मनगटापाशीं संपणारा हात

परकी भाषा शिकूं लागलेल्या मुलाला जे शब्द अगदीं पहिल्या आठवड्यांत येतात, त्यांचाच पुरता अर्थ कळावयास त्याला सर्वांत अधिक वर्षें लागतात, असा आमचा अनुभव आहे. नाक, कान, डोळा, हात, पाय यांचीं इंग्रजी नांवें शिकवावयास कोश लागत नाहीं, व्याकरण लागत नाहीं, फार काय, पुस्तकही लागत नाहीं. शिक्षकानें आपल्या नाकाला बोट लावून शब्द उच्चारावा, मुलानें आपल्या नाकाला बोट लावून तो पुन्हां उच्चारावा, कीं झाला धडा. उलट 'फिलॉसफी' सारख्या शब्दाची मुलाला प्रथम धास्ती वाटते; परंतु तो एकदां कळला म्हणजे कळला. असले जड शब्द मोठ्या घरच्या पाहुण्यांप्रमाणें आपली बैठक सोडून सहसा हलत नाहींत. 'हँड' सारखा शब्द मात्र घरांतल्या पोराप्रमाणें माजघरांतून परसांत आणि परसांतून रस्त्यावर सारखा हिंडत असतो. तो आतां कोठें सांपडेल याचा नेम नाहीं. शाळेच्या पहिल्या पाठांत आलेला हा शब्द एम. ए.च्या वर्गांतही पुरता आलेला नसतो. आम्ही महाविद्यालयांत इंग्रजी शिकवूं लागल्यास तीस वर्षें होत आलीं. या अवधींत शेक्सपिअर व मिल्टन यांच्या बरोबरीनें या एका शब्दानें आम्हांस विचार करावयास लाविलें आहे, आणि त्या विचाराचा थोडा वांटा वाचकांपुढें ठेवावा असें वाटतें.

पहिली अडचण अशी कीं, या शब्दाचा लाक्षणिक अर्थ दूरच राहो, त्याचा वाच्यार्थसुद्धां आमच्या 'हात' या शब्दाशीं जुळत नाहीं. वर्गांत मास्तर हात उंच करून 'हँड' म्हणतात, तेव्हां मुलाला खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंतचा सबंध अवयव दिसतो, आणि त्या सबंध अवयवाचें हें नांव, असें तें मनाशीं धरून चालतें. इंग्रजाचा 'हँड' मात्र मनगटापाशीं संपतो. मनगटाच्या वर जें कांहीं आहे तो 'आर्म'. दंड, कोपर, पंजा, तळहात हे शब्द मराठींतही आहेतच, आणि संस्कृतांत तर 'पाणि' वेगळा व 'बाहु' वेगळा. परंतु रोजच्या बोलण्यांतला आमचा हात एकच असून तो खांद्यापर्यंत अखंड आहे. पायाचीही तीच गत. आमच्या एका पायाचे इंग्रजींत घोट्यापाशीं 'फूट' आणि 'लेग' असे दोन तुकडे पडतात. आणि बोटांच्या बाबतींत तर हाताचें तें 'फिंगर' व पायाचें तें 'टो', असा त्यांनीं जणूं जातिभेदच केला आहे. यामुळें कोपराच्या वर हाड मोडलेला विद्यार्थी रजेच्या अर्जांत 'हँड' मोडला असें लिहितो, आणि इंग्रजी रीतीनें वाचणारा त्याच्या धडधाकट पंजाची कीव करितो. शाळेंत आपण सर्वांनींच 'हाताची घडी, तोंडावर बोट' हा हुकूम पाळलेला आहे. ती घडी इंग्रजींत नेली म्हणजे 'आर्म'ची होते. 'फोल्डेड हँड्स' म्हणजे एकमेकांत गुंतवून स्वस्थ ठेवलेले पंजे. आणि बायबलांतील नीतिसूत्रांत तर हात असे जुळवून पडून राहणें ही आळशाची खूण सांगितली आहे. आपल्याकडील अर्जदार 'हात जोडून विनंति' या अर्थानें तेच शब्द लिहितो, तेव्हां नम्रतेच्या जागीं निरुद्योग उभा राहण्याचा संभव असतो.

या मनगटाच्या फरकाचा हिशेबच पाहावयाचा असेल तर तो मोजमापांत चांगला दिसतो. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आमचा एक हात, म्हणजे सुमारें 18 इंच. म्हणूनच नऊवारी लुगडें अठरा हात भरतें. इंग्रज लोक घोड्याची उंची 'हँड' या मापानें मोजतात, आणि तो 'हँड' अवघा 4 इंचांचा, म्हणजे पंजाच्या रुंदीइतका. चौदा 'हँड' उंचीचें घोडें खांद्यापाशीं 56 इंच भरतें. तेंच एखादा भाषांतरकार 'चौदा हात' म्हणून मोकळा झाला, तर घोडें 21 फूट उंच होऊन माडीच्या खिडकींतून आंत डोकावूं लागेल! आणखी मौज अशी कीं, घोड्याच्या उंचीचा आंकडा 14.2 असा लिहिलेला आढळला तर तो दशांश नव्हे; चौदा हात आणि वर दोन इंच, असा तो वाचावयाचा. टिंबापुढें तिनाच्या पलीकडचा आंकडा येत नाहीं, कारण चवथा इंच पुरा झाला कीं नवा हात सुरू होतो.

वाच्यार्थाची ही कथा. मग लक्षणेची काय विचारावी! घड्याळांत आम्ही कांटा पाहतों, इंग्रज तेथें हात पाहतो. पत्त्यांच्या डावांत वांट्याला आलेलीं पानें हा त्याचा 'हँड'. माणसाचें हस्ताक्षर हाही 'हँड'. आणि नाटक रंगलें म्हणजे नटाला टाळ्यांचा जो गजर मिळतो तोही 'हँड'. 'सेकंडहँड' हा शब्द तर जुन्या पुस्तकांच्या व जुन्या दुचाकींच्या बाजारांत इतका मुरला आहे कीं, त्याला आतां कोणी परका समजत नाहीं. 'हँडसम' हें विशेषण आज देखण्या पुरुषाला लावितात; मुळांत त्याचा रूपाशीं संबंध नव्हता, हाताळावयास सोपें, हाताला सोयीचें, इतकाच त्याचा अर्थ होता. रुमालाच्या नांवाची कथा याहून गमतीची आहे. 'कर्चीफ' हा मूळचा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ डोकें झांकण्याचें वस्त्र. तें वस्त्र हातांत आलें तेव्हां 'हँडकर्चीफ' झालें. पुढें खिशांत गेलें तेव्हां 'पॉकेट-हँडकर्चीफ' झालें. म्हणजे एवढ्याशा चौकोनी फडक्याच्या नांवांत खिसा, हात आणि डोकें अशीं तीन बिऱ्हाडें नांदत आहेत. 'हँडिकॅप' या शब्दाविषयीं अशी एक दंतकथा आहे कीं, अपंग मनुष्य टोपी हातांत घेऊन भीक मागे त्यावरून तो निघाला. ती खरी नव्हे. टोपींत हात घालून खेळावयाचा एक देवघेवीचा खेळ सतराव्या शतकांत इंग्लंडांत होता, आणि त्यांत दोन वस्तूंच्या किंमतींतला फरक तिऱ्हाइतानें ठरवावयाचा असे. तेथून तो शब्द घोड्यांच्या शर्यतींत गेला. चपळ घोड्यावर अधिक वजन लादून सर्वांस सारखें करावयाचें, याला 'हँडिकॅप' म्हणूं लागले. आणि माणसाच्या व्यंगाकडे तो शब्द आला तो त्यानंतर बऱ्याच काळानें.

लॅटिन भाषेंत हाताला 'मानुस' म्हणत. आमच्या 'माणूस' शब्दाशीं त्याचें साम्य केवळ कानाचें आहे, कुळाचें नाहीं. तथापि हें साम्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, अशी आमची विनंति आहे. या 'मानुस' पासून इंग्रजींत किती शब्द आले! हस्तलिखिताला 'मॅन्युस्क्रिप्ट' म्हणतात. सेनापतीचा डावपेंच म्हणजे 'मॅन्यूव्हर' आणि शेतांतलें खत म्हणजे 'मॅन्युअर', हे दोन्ही शब्द 'हातानें काम करणें' या एकाच मुळाचे. एकाला पागोटें मिळालें, दुसऱ्याला पाटी. 'मॅन्युफॅक्चर' याचा धात्वर्थ हातानें घडविणें; आज ज्या मालाला माणसाचा हात म्हणून लागलेला नसतो, नेमका त्याच्याच वेष्टनावर हा शब्द छापलेला असतो. हात निघून जातो आणि त्याचें नांव मागें राहतें, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

ही सारी इंग्रजीची लहर आहे, असें मात्र कोणी समजूं नये. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ति 1857 सालीं निघाली. तींत 'हात' या शब्दाखालीं वाक्प्रचारांची जी लांबलचक रांग लागली आहे, ती पाहून मराठी शिकावयास बसलेल्या साहेबानेंही कपाळाला हात लाविला असेल. आम्ही कोणाला हात देतों, कोणापुढें हात टेकतों, खर्चाची वेळ आली कीं हात आंखडता घेतों, एकाच्या हातावर तुरी देतों आणि दुसऱ्याच्या हात धुवून मागें लागतों. सुगरणीच्या हाताला चव असते, वैद्याच्या हाताला गुण असतो, भांडण हातघाईवर येतें, आणि लग्न झालें म्हणजे दोनाचे चार हात होतात. फारशींत हाताला 'दस्त' म्हणतात; तोही आमच्या दस्तऐवजांत व दस्तखतांत येऊन बसला आहे. संस्कृतांत 'कर' म्हणजे हात, 'कर' म्हणजे सूर्याचा किरण आणि 'कर' म्हणजे राजाचा सारा. सोंडेला हात मानून आमच्या पूर्वजांनीं एका प्रचंड प्राण्याला 'हस्तिन्' म्हटलें आणि त्याचा आमचा हत्ती झाला. तेव्हां हाताला त्याच्या जागेवरून उचलून भलतीकडे नेण्याची हौस कोणत्याही एका भाषेची नाहीं.

विद्यार्थी या सर्व प्रयोगांची यादी करून ती पाठ करितात, आणि परीक्षा संपतांच ती विसरतात. त्यांना आम्ही नेहमीं सांगतों कीं, प्रत्येक लाक्षणिक हाताच्या मागें कोणे एके काळीं कोणाचा तरी खरा हात होता. बाजारांत घोड्याच्या पायापासून खांद्यापर्यंत मुठीमागून मूठ लावीत जाणारा हात होता. वांटलेलीं पानें धरणारा हात होता. कढईंत मीठ सोडणारा हात होता. तो खरा हात शोधून काढावा. मग अर्थ पाठ करावा लागत नाहीं. या नियमाचा उपयोग शब्दज्ञानापुरताच आहे, असें प्रथम आम्हांसही वाटे. परंतु या शब्दाचा एक प्रयोग असा आहे कीं, तेथें खरा हात शोधूं गेलें असतां मनुष्याचा सबंध देह हातीं लागतो, आणि त्याचें काय करावें हें व्याकरण सांगत नाहीं.

तो प्रयोग म्हणजे राबणाऱ्या मनुष्यालाच 'हँड' म्हणणें. जहाजावरच्या खलाशांना इंग्रजींत निदान सतराव्या शतकापासून 'हँड्स' म्हणत आले आहेत. वादळांत कप्तान 'ऑल हँड्स' अशी हांक मारतो, तेव्हां त्या हांकेंत कांहीं गैर नसतें. दोर ओढावयाला त्या घटकेस हातच हवे असतात. परंतु तेंच जहाज तळाशीं गेलें म्हणजे बातमी येते कीं, तें 'विथ ऑल हँड्स' बुडालें. मराठी विद्यार्थी हें वाक्य प्रथम वाचतो तेव्हां थबकतो. जहाजाबरोबर हात बुडाले? मग माणसें कोठें गेलीं? त्याला सांगावें लागतें कीं, माणसेंच बुडालीं. आमच्याकडेही सुगीच्या दिवसांत 'हात कमी पडतात' असें म्हणतात, तेव्हां अंशावरून पूर्णाचा बोध करून घेण्याची ही लक्षणा आम्हांस अपरिचित नाहीं. फरक एवढाच कीं, काम संपलें म्हणजे आमचा हात पुन्हां माणसाला जाऊन चिकटतो. दहा हात जेवावयास बसले असें आम्ही म्हणत नाहीं, आणि दहा हात वारले असें तर नाहींच नाहीं.

समुद्रावरचा हा शब्द जमिनीवर, गिरण्यांत, कायम मुक्कामाला आला तेव्हां त्याचें स्वरूप पालटलें. वादळ घटकाभराचें असतें. गिरणीचा भोंगा रोजचा. चार्ल्स डिकन्स यानें 1854 सालीं 'हार्ड टाइम्स' ही कादंबरी आपल्या साप्ताहिकांतून क्रमशः प्रसिद्ध केली. तींतल्या कोकटाउन नांवाच्या कल्पित गिरणगांवांत कामगारांस सरसकट 'हँड्स' म्हणतात, आणि या एका शब्दांत किती निष्ठुरपणा दडला आहे, हें डिकन्सनें वाचकांस कडवटपणें दाखवून दिलें. योगायोग असा कीं, त्याच 1854 सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं मुंबईंत पहिली सुताची गिरणी काढण्यासाठीं कंपनी स्थापन केली, आणि 1856 सालीं ताडदेव येथें ती गिरणी चालूं झाली. म्हणजे इंग्लंडांत ज्या वर्षीं एक मोठा लेखक या शब्दाची लाज वाटून घेण्यास सांगत होता, त्याच वर्षीं हा शब्द मुंबईस यावयाची तयारी करीत होता. तो आला, आणि मुंबईच्या गिरण्यांच्या इंग्रजी तक्त्यांत चांगला स्थिरावला: चात्या इतक्या, साचे इतके, 'हँड्स' इतके. तिन्ही आंकडे एकाच ओळींत बसत.

या ओळींतून 'हँड्स' ना बाहेर काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न नारायण मेघाजी लोखंडे यांनीं केला. त्यांच्या संघटनेचें इंग्रजी नांव 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन'; म्हणजे तोच शब्द त्यांनीं स्वतःच्या पाटीवर घेतला. 1884 सालीं त्यांनीं कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें साडेपांच हजार सह्यांचा एक अर्ज तयार झाला. त्यांतल्या मागण्या आज वाचतांना या शब्दाचा सारा विचार डोळ्यांपुढें उभा राहतो. रविवारीं पुरी सुटी मिळावी. दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा. कामावर जायबंदी झालेल्या मनुष्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. यांत हातानें मागण्यासारखें काय आहे? हाताला रविवार ठाऊक नसतो. तो माणसाला ठाऊक असतो, कारण तो त्याच्या खंडोबाचा वार असतो. भूक हाताला लागत नाहीं, आणि तुटलेला हात निर्वाह मागत नाहीं. तो मागतो ज्याचा हात तुटला तो. 1890 सालीं मुंबईच्या गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. त्या दिवशीं या इंग्रजी शब्दाचा मुंबईपुरता अर्थ एक बोटभर पुढें सरकला, असें आम्ही विद्यार्थ्यांस सांगतों.

हें सर्व आम्ही पुस्तकांवरून सांगतों खरें. परंतु या शब्दाशीं आमची ओळख पुस्तकांत झाली नाहीं. आमचे वडील सातारा जिल्ह्यांतून मुंबईस येऊन एका गिरणींत साचेखात्यांत कामाला होते. 1981 सालीं यंत्रांत सांपडून त्यांच्या उजव्या हाताचीं दोन बोटें गेलीं. कांहीं दिवसांनीं भरून देण्यासाठीं एक इंग्रजी कागद घरीं आला. तो जुन्या छपाईचा असून नांवाच्या रेघेवर छापलें होतें, 'नेम ऑफ द इंजर्ड हँड'. आम्ही त्या वेळीं सातवींत होतों, आणि खोलींत इंग्रजी अक्षर ओळखणारें दुसरें कोणी नव्हतें. शाळेंतून मिळालेला लहानसा कोश उघडून आम्ही वडिलांना सांगितलें, "आण्णा, इथं हँड म्हणजे कामगार."

त्यांनीं पट्टी बांधलेला हात किंचित् वर केला. "मग ह्या हाताला काय म्हणत्यात?"

"त्यालाही हँडच."

"दोन्हीला एकच शब्द?" त्यांनीं क्षणभर विचार केला, आणि मग त्यांना हंसूं आलें. "म्हंजी गिरणीला दोन्ही एकच वाटतंय. बरं, लिव माझं नाव. हाताला कुठं नाव असतंय?"

आम्ही त्यांचें नांव, त्यांच्या वडिलांचें नांव आणि आडनांव अशीं तिन्ही नांवें स्वच्छ अक्षरांत लिहिलीं. रेघ अपुरी पडली म्हणून आडनांव खालच्या रेघेवर गेलें. पुढें 18 जानेवारी 1982 रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. त्यांत सुमारें अडीच लाख कामगार होते, आणि त्यांतले पुष्कळसे पुन्हां कधीं कामावर गेले नाहींत. वडील गांवीं परतले, आणि उरलेल्या तीन बोटांनीं त्यांनीं विळा धरला. लक्षणेचा पाठ आम्ही पुढें पदवीच्या वर्गांत ॲरिस्टॉटल आणि मम्मट यांच्या आधारानें शिकलों. परंतु 'हाताला कुठं नाव असतंय' या प्रश्नाइतकें नेमकें सूत्र त्या दोघांच्याही ग्रंथांत आम्हांस मिळालें नाहीं. ज्याला नांव आहे, त्याला बिननांवाच्या वस्तूचें नांव देणें, ही या लक्षणेची हद्द आहे; आणि तीच तिची भीति आहे.

येथें इंग्रजीला दोष देऊन मराठीची पाठ थोपटण्याचा मोह वाचकांस होईल. आम्हांसही तो होतो. राबून खाणाऱ्याला मराठींत 'हातावर पोट असलेला मनुष्य' म्हणतात, आणि या एका वाक्प्रचारांत हात आहे, पोट आहे आणि मनुष्यही आहे. कांहीं वगळलेलें नाहीं. मागें एका विद्यार्थिनीनें निबंधांत त्याचें शब्दशः भाषांतर केलें, तेव्हां वर्ग हंसला. आम्ही मात्र तें वाक्य फळ्यावर लिहून ठेविलें. कारण त्या वेड्यावांकड्या इंग्रजींत 'मिल हँड' या शुद्ध इंग्रजीपेक्षां माणूस अधिक होता. परंतु न्यायाची गोष्ट अशी कीं, 'हँड टु माउथ', म्हणजे हातांतून थेट तोंडांत, हा जवळजवळ त्याच अर्थाचा वाक्प्रचार इंग्रजींतही आहे, आणि तेथेंही हाताला तोंड जोडलेलें आहे. ज्या भाषेनें तक्त्यांतला 'हँड' घडविला तिनेंच डिकन्स दिला. आणि आम्ही तरी कोठें सोंवळे आहों? जनगणनेला मराठींत शिरगणती म्हणत, उत्पन्न अजून दरडोई मोजतों. इंग्रजींत गुरें मोजतांना इतकीं 'हेड' असें म्हणण्याची रीत आहे. आणि आमचे जे विद्यार्थी शिकून पुण्यामुंबईच्या मोठ्या कचेऱ्यांत कामाला जातात, त्यांची मोजदाद तेथें 'हेडकाउंट' या नांवानें होते. बापाच्या वेळीं हात मोजीत, आतां मुलाचें डोकें मोजतात. एक अवयव बदलला. मोजण्याची रीत तीच राहिली. म्हणून दोष भाषेचा नव्हे. भाषा हात दाखविते. त्या हाताच्या मागें मनगट, दंड, खांदा आणि चेहरा आहे कीं नाहीं, हें पाहण्याचें काम बोलणाराचें असतें.

याच कारणासाठीं 'हँड' हा शब्द शिकवितांना वाच्यार्थ घाईनें उरकून लक्षणेकडे धांवावें, हें आम्हांस पटत नाहीं. विद्यार्थ्यांना वाच्यार्थ बाळबोध वाटतो, लक्षणा विद्वत्तेची वाटते. आम्ही त्यांना मराठी शाळेंतल्या बेरजेची आठवण देतों. आठ आणि पांच तेरा. तीन खालीं मांडले, हातचा एक. इंग्रजींत या आंकड्यासाठीं 'वाहून नेणें' असें क्रियापद आहे. मराठींत तो आंकडा हातांत राहतो, आणि त्याचें नांवच 'हातचा'. लाक्षणिक अर्थ हा खालीं मांडलेला आंकडा होय. तो कागदावर सर्वांना दिसतो. वाच्यार्थ हा हातचा. तो दिसत नाहीं, पण पुढच्या रकान्यांत मिळवावाच लागतो. घड्याळाच्या कांट्यांत किंवा पत्त्यांच्या डावांत तो विसरला तर फारसें बिघडत नाहीं. परंतु ज्या तक्त्यांत माणसें मांडलेलीं असतात, तेथें हातचा विसरला कीं सबंध बेरीज चुकते, आणि ती चूक मांडणाऱ्याला नव्हे, मांडलेल्यांना भोगावी लागते.